बाबांच्या हाकेला ओ न देणारा फोन

आधीच सांगून ठेवते, मी शाळेत विज्ञान शिकवते. अमावस्या, पिंपळ, उलटे पाय... असलं काही ऐकलं की माझं डोकं फिरतं. इथले अनुभव मी वाचते ते निव्वळ करमणूक म्हणून, आणि बहुतेक वाचून झाले की मनात म्हणते, किती फेकाल हो! तेव्हा माझ्याबद्दलही कोणी तसं म्हटलं तर मला अजिबात वाईट वाटणार नाही. मला राग आहे तो वेगळ्याच गोष्टींचा, आणि तो अजून उतरलेला नाही. लिहिताना भाषा कुठे तिखट झाली तर समजून घ्या. आणि कृपा करून कॉमेंटमध्ये लिंबू, नारळ, शांती यातलं काही सुचवू नका.

मी अमरावतीला राहते, साईनगरात. माहेर अकोल्याचं, जठारपेठेतलं. बाबा हायस्कूलला गणित शिकवायचे, अजूनही गल्लीत त्यांना सगळे सर म्हणतात. काचबिंदूने त्यांची दोन्ही डोळ्यांची नजर हळूहळू गेली. आता उजेड-अंधार तेवढा कळतो. आई होती तोवर त्याचं कोणाला काही जाणवलं नाही, कारण बाबांचे डोळे, काठी, घड्याळ, गोळ्यांची डबी, सगळं आईच होती. गेल्या दिवाळीनंतर आई गेली. रात्री झोपली ती सकाळी उठलीच नाही. मोठ्या घरात एकटे बाबा उरले.

माझा मोठा भाऊ पुण्याला असतो. आयटीत आहे, त्यामुळे जगातल्या प्रत्येक प्रश्नावर एक ॲप आहे अशी त्याची पक्की समजूत आहे. संक्रांतीनंतर तो एक नवाकोरा स्मार्टफोन घेऊन अकोल्याला आला. त्यात ती बोलणारी बाई असते ना, तिला आधी कंपनीने ठरवलेले दोन शब्द बोलून हाक मारायची, मग ती टुंग करून उठते आणि सांगाल ते करते. 'मंजूला फोन लाव' म्हटलं की मला लागणार. दादा म्हणाला, "बाबांना काही दिसायची गरजच नाही, फक्त बोलायचं." आणि जाताना बाबांचा जुना बटणांचा फोन, ज्याची बटणं त्यांना बोटांनी पाठ होती, तो कामवाल्या बाईला देऊन टाकला. "आता याची गरज काय?" म्हणे. मला हे कळलं तेव्हा तो पुण्याच्या वाटेवर शेगावही ओलांडून गेला होता.

एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण त्याने अट घातली. बाबांना हा फोन नीट वापरता आला तर ते राहू देत अकोल्यात. नाही जमलं, तर मे महिन्यात तो त्यांना पुण्याला घेऊन जाणार, अकराव्या मजल्यावर. आता अकोल्याच्या घरात बाबा भिंतीला हात न लावता देवघरापासून मोरीपर्यंत चालत जातात. कुठे पायरी आहे, कुठे चौकटीला डोकं लागतं, सगळं पायांना माहीत आहे. पुण्यात ते एका खोलीत बसून राहिले असते, आणखी काय. पुढच्या रविवारी मी अकोल्याला गेले तेव्हा बाबा हळूच म्हणाले, "मंजे, मले पुण्याले नको धाडू." माझ्या बाबांनी आयुष्यात माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. हे पहिलंच. तेव्हा मी ठरवलं की हा फोन मी चालवून दाखवणारच.

आणि फोन चालेना.

म्हणजे कसा चालेना, ते नीट सांगते. मी हाक मारली की ती बाई उठायची. शेजारच्या नलूकाकूंनी मारली तरी उठायची. एकदा तर दारावरच्या भाजीवाल्याने "मेथी घ्या मेथी" केलं तर ही आपली मधेच टुंग! फक्त बाबांनी हाक मारली की ती मेल्यासारखी पडून राहायची. बाबांचा आवाज खणखणीत. शेवटच्या बाकावरच्या पोराला घाम फोडणारा. मोठ्याने, हळू, जवळून, लांबून, सगळं करून पाहिलं, पण काही नाही.

पहिल्यांदा मी बाबांवरच चिडले, कारण ते फोनला हाक कशी मारतात ते पाहिलं. खुर्चीत बसून स्टीलचा ग्लास खुर्चीच्या लाकडी हातावर आपटायचे. टण, टण. मग वाट पाहायची.

"बाबा, हे काय करून राहिले तुमी?"

"बलावून राहिलो ना."

"फोनला? ग्लास वाजवून?"

त्यांनी ग्लास पुन्हा एकदा आपटला. आणि माझ्या डोक्यात जी तिडीक गेली म्हणता! कारण हा टण-टण मी जन्मापासून ऐकत आले. बाबांनी आईला कधी हाक मारली नाही. नावाने तर नाहीच, पण 'अहो' नाही, 'ऐकलं का' नाही, 'मंजूची आई' सुद्धा नाही. चहा हवा, पाणी हवं, टॉवेल हवा, की ग्लास. टण, टण. आणि आई कणकेचे हात तसेच घेऊन "आली, आली" म्हणत धावत यायची. आमच्याकडे जुन्या घरांमधून बायकोचं नाव न घेण्याची रीत होती, हे मला माहीत आहे. पण लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहून तिला 'सुमती' हे नवीन नाव कोणी दिलं? यांनीच. आपणच नाव बदलायचं, आणि मग ते एकदाही तोंडातून काढायचं नाही! मी एकदा आईला विचारलं होतं, तुला राग नाही येत का गं? ती म्हणाली, "आता काय त्याचं. सवय झाली." मला मात्र कधी सवय झाली नाही. मी माझ्या नवऱ्याला संजय म्हणूनच हाक मारते, चारचौघांत सुद्धा.

असो. ग्लास मी हातातून काढून घेतला आणि बाबांना ते दोन शब्द घोकायला लावले. शिकले ते. हजेरी घेतल्यासारखे ठासून बोलायचे. तरी बाई ढिम्म!

मग मी कंबर कसली. कव्हर काढलं. माइकचं भोक दातकोरणीने नव्हे, नीट ब्रशने साफ केलं. बॅटरी वाचवायची सेटिंग बंद केली. भाषा मराठी केली, हिंदी केली, परत मराठी केली. अपडेट टाकले. माइकची परवानगी तपासली. आवाज ओळखण्याची जी सोय असते, तिथे दादाने पुण्यातच स्वतःचा आवाज भरून ठेवला होता. मिळालं, म्हटलं! तो पुसला, बाबांचा भरायला घेतला. घरात तो भरेचना. 'पुन्हा बोला, पुन्हा बोला.' त्याच फोनवर बाबांचा आवाज साधा रेकॉर्ड केला तर स्वच्छ ऐकू येत होता. म्हणजे माइक ठीक, बाबा ठीक, मग बिघाड कोणाचा?

रिक्षा करून बाबांना आणि फोनला घेऊन गांधी रोडवरच्या एका दुकानात गेले. तिथल्या माणसाने आवाज भरून घेतला, लगेच झाला. बाबांनी हाक मारली, टुंग. 'मंजूला फोन लाव', माझ्या पर्समध्ये घंटी वाजली. परत केलं, परत वाजली. दुकानदार माझ्याकडे बघून हसला. "मॅडम, फोनमधे काहीच नाही. बुजुर्ग लोक घाबरतात, अन् मंग फोनले नावं ठेवतात." बाबांचा चेहरा एवढासा झाला. मी त्या माणसाला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

घरी आलो. बाबांनी चपला काढल्या, खुर्चीत बसले, हाक मारली. काही नाही. उठून अंगणात आले, हाक मारली. नाही. फाटकाबाहेर रस्त्यावर उभे राहून मारली... टुंग!

मी विज्ञानाची बाई आहे. चल म्हटलं, वायफाय असेल, मीटर असेल, भिंतीतली वायर असेल. मेन स्विच बंद करून पाहिला. फोन रिसेट करून कोरा केला. एका रविवारी बाबांना फोनसकट अमरावतीला आणलं, तर माझ्या हॉलमध्ये ती बाई त्यांच्याशी इतक्या गोडीने बोलली की माझी मुलगी म्हणाली, आई, तूच काहीतरी चुकीचं करत असशील. परत अकोल्याला गेलो, पुन्हा तेच. माझ्या हाकेला उठायची, बाबांच्या नाही. आणि तेही फक्त त्या घरात.

दादाला सांगितलं तर म्हणाला, "मंजू, तुला सिद्ध काय करायचंय? त्यांना जमत नाही एवढाच अर्थ आहे. मी मे महिन्याची तिकिटं काढतो." आणि नलूकाकू एक दिवस भिंतीवरून म्हणाल्या, "मंजू, तुह्या मायचा जीव अडकला असन वं त्या घरात. काही करून घ्या." मी त्यांनाही झापलं. चांगली बाई आहे, आईची मैत्रीण, घराची किल्लीही त्यांच्याकडेच असते. पण मी म्हटलं, काकू, ज्या घरात ती उभ्या जन्मात धड बसली नाही, तिथे कशाला जीव अडकवेल? निघून गेली असेल ती केव्हाच, आणि बरंच केलं.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी माझाही संयम संपला. अकोल्यात ऊन नुसती आग ओकत होतं. मी बाबांना सकाळपासून बोलायला लावत होते. त्यांचा घसा बसला. शेवटी त्यांनी टेबलावर हात आपटला आणि ओरडले, "काहून आयकत नाही हे? सगळ्यांचं आयकते, माह्यंच काहून नाही?" त्यांचा आवाज फाटला होता. माझ्या बाबांना रडू आलेलं मी पाहिलं नव्हतं. माझं टाळकं सरकलं. म्हटलं, नको ती बाई आणि नको ते लाड. सेटिंगमध्ये गेले, ती बोलणारी सोय पूर्ण बंद केली. तिची माइकची परवानगी काढली. हाक ऐकण्याचं बटण बंद केलं. संजयला फोन करून काय काय बंद केलंय ते वाचूनही दाखवलं, इतकी मी चिडले होते. बाबांना म्हटलं, पुढच्या रविवारी तुम्हाला जुन्यासारखा बटणांचा फोन आणते, दादाला काय बोंबलायचं ते बोंबलू दे. तोपर्यंत हा टेबलावर चार्जिंगला लावून ठेवते, मी फोन केला की आपोआप उचलला जाईल एवढं करून ठेवलंय. अमरावतीची बस पकडली.

त्या आठवड्यात, भर दुपारी, मी घरी पेपर तपासत बसले होते. फोन वाजला. 'बाबा'. मला वाटलं नलूकाकूंनी लावून दिला असेल. उचलला.

पलीकडून बाबा बोलले नाहीत. कूलरची घरघर ऐकू येत होती. आणि तिच्यामागे, लांबून, बाबांचा आवाज. फोनजवळचा नव्हे. घराच्या पार मागच्या बाजूने यावा तसा.

"कमल... कमल... अवं कमल..."

मी हॅलो हॅलो ओरडत राहिले. त्यांना ऐकू जाण्याचा प्रश्नच नव्हता. कमल कोण, हेही मला क्षणभर सुधरलं नाही. वाटलं, बाबांना भ्रम झाला. मग कळलं, ही हाक मदतीची आहे. तो फोन मी ठेवला नाही. संजय जेवायला घरी आला होता, त्याच्या फोनवरून नलूकाकूंना लावला. त्या झोपल्या होत्या. "काकू, किल्ली घेऊन पळा, बाबांना काहीतरी झालं." माझ्या एका कानाला कूलरची घरघर आणि ती हाक, कमल, कमल, हळूहळू खाली जात चाललेली. मग दार उघडल्याचा आवाज आला, चपला, आणि काकूंची किंकाळी, "अव्व माय! सर पडले!"

मागच्या व्हरांड्यात बाबा कूलरमध्ये पाणी ओतायला गेले होते. कोणी सांगितलं होतं? पण ऐकतील ते बाबा कसले! ओल्या फरशीवर पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं. फरशी सावलीत होती, पण त्या उन्हाळ्यात सावलीतली फरशीही चटका देते. किती वेळ पडून होते त्यांनाच माहीत नाही. गल्लीत सगळ्यांची दारं बंद, सगळ्यांचे कूलर सुरू. कोणाला ऐकू जाणार? डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर उन्हानेच नेलं असतं.

फोन पुढच्या खोलीत होता. टेबलावर, चार्जिंगला, मी ठेवला होता तसाच. नलूकाकू शपथेवर सांगतात की त्या आत गेल्या तेव्हा कॉल सुरूच होता, आणि त्यांनी त्याला हात लावलेला नाही. दवाखान्यातून संध्याकाळी संजय घरी जाऊन तो फोन घेऊन आला. मी पाहिलं, संजयने पाहिलं. ती बोलणारी सोय बंद होती. हाक ऐकण्याचं बटण बंद. तिला माइकची परवानगी नाही. आणि लावलेल्या कॉल्समध्ये सगळ्यात वर माझं नाव.

ऑपरेशन झालं. बाबा बोलायला लागले तेव्हा मी विचारलं, "बाबा, नेमकं काय झालं ते सांगा." त्यांनी तोंड छताकडे केलं.

"पयले त्या बाईले हाक मारली. तू शिकवली तशी."

"मग?"

"मंग तुले मारली. मंग नलूबाईले. दादाले बी मारली." थांबले. "मंग... तुह्या मायले."

"काय म्हणून?"

"नाव घेतलं."

"सुमती म्हणून?"

"हो. लय वेळ घेतलं. कोणी ओ देल्ली नाही." ओठ कोरडे पडले होते, मी चमच्याने पाणी दिलं. मग ते म्हणाले, "तिले पाह्यले गेलो होतो ना मी, तवा एकच गोष्ट इचारली होती. नाव काय तुहं? तिनं खाली पाहून सांगतलं होतं. कमल. ते आठवलं."

कमल हे आईचं माहेरचं नाव. मामा गेल्यापासून तिला त्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. आम्हा पोरांना ते फक्त ऐकून माहीत. आणि या माणसाला ते इतकी वर्षं तोंडपाठ होतं! मला तिथे दवाखान्यात रडू यायला हवं होतं, पण मला राग आला. भयंकर राग आला. माहीत होतं ना? मग एकदा, एका संध्याकाळी, ती जिवंत असताना, कणीक मळताना, मागून हळूच म्हटलं असतं तर काय आभाळ कोसळलं असतं? मी तसं बोलूनही दाखवलं. बाबांनी मान भिंतीकडे वळवली.

दादा विमानाने आला, फोन उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, ग्लिच असेल. दुकानदार म्हणाला, खिशात दबून लागतो कधी कधी. टेबलाला खिसा असतो का? माझ्या शाळेतल्या कॉम्प्युटरच्या सरांनी तर फोनच ठेवून घेतला दोन दिवस, आणि डोकं खाजवत परत दिला. बरं, कसा का लागेना, पण मलाच का? त्याच्या आधीचा शेवटचा कॉल दादाचा होता. नावांच्या यादीत मी मधेच कुठेतरी. फोन लागला तेव्हा बाबा माझं नाव घेतही नव्हते, मला हाक मारून कधीच झाली होती. लहानपणी बाबांचं काम आलं आणि आई चुलीपाशी अडकलेली असली की ती मलाच पिटाळायची, "मंजे, जाय वं, पाह्य काय पाह्यजे त्याईले." हे आपलं मला आठवलं म्हणून लिहिलं. त्याचा संबंध लावू नका, मीही लावत नाही.

बाबा दोन महिने माझ्याकडे होते, आणि आता वॉकर घेऊन परत अकोल्यातच आहेत, स्वतःच्या घरात. पूर्णवेळ एक बाई ठेवली आहे. पुण्याचा विषय मी कायमचा बंद केला, दादाशी कडाक्याचं भांडून. बटणांचा फोन आणून दिलाच. आणि तो स्मार्टफोन? ती सोय मी नंतर परत सुरू करून पाहिली. आता बाबा त्याच घरात, त्याच खुर्चीतून हाक मारतात आणि पहिल्या हाकेला टुंग होतं. दादा म्हणतो, "बघ, चालतोय की!"

'कमल' म्हटलं की मात्र काही होत नाही. मी म्हणून पाहिलं, नलूकाकूंनी पाहिलं. बाबांना म्हटलं, तुम्ही एकदा म्हणा. ते एवढंच म्हणाले, "तो काय खेळ हाय का?" ग्लास मात्र ते आता आपटत नाहीत. पाणी हवं असलं तर सांभाळायला ठेवलेल्या बाईंना त्यांच्या नावाने हाक मारतात.

आई त्या फोनमध्ये होती असं मी म्हणत नाही. माझा विश्वास नाही. पण समजा, नुसतं समजा, की होती. तर ती त्या दुपारी मदतीला आली याचं मला काही विशेष वाटत नाही, ते तर तिने जन्मभर केलं. मला सारखे आठवतात त्याच्या आधीचे आठवडे. बाबा ग्लास आपटत होते, ठासून ओरडत होते, घसा बसेपर्यंत हाका मारत होते, आणि ती समोरच्या टेबलावर सगळं ऐकत पडून होती. उठली नाही. एकदाही उठली नाही. त्याचं कारण मला कोणी शोधून देऊ नका.